साइट मॅनेजमेंट ॲप्स: डेमोत झकास, साइटवर अडखळत

बांधकाम कंपन्यांसाठीची ही ॲप्स डेमोमध्ये छान दिसतात. रोजचा प्रोग्रेस रिपोर्ट, स्टोअर, हजेरी, ड्रॉइंग, बिलं, सगळं एका डॅशबोर्डवर. पण माहिती भरायची साइट इंजिनिअरने आणि बघायची हेड ऑफिसने. भरणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. कागदी रजिस्टर चालूच असल्याने तेच काम दोनदा होतं. मग आठवड्याचे रिपोर्ट एकदम, अंदाजाने भरले जातात. २५ रकाने सक्तीचे ठेवले की निम्म्यांत शून्य येतं. फॉर्म सहा-सात रकान्यांवर आणता येतो का, हे आधी विचारा.

सगळ्यात कच्चा भाग स्टोअरचा. स्टील येतं टनात, फिटर मागतो नगात आणि ड्रॉइंगवर लांबी असते मीटरमध्ये. ॲप मिमीतल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरमागे किलो, हे सूत्र लावून १२ मिमीच्या १२ मीटर सळईचं वजन १०.६७ किलो धरतं, म्हणजे टनाला सुमारे ९४ नग. प्रत्यक्षात रोलिंग मार्जिनमुळे, म्हणजे कारखान्यात सळई बनवताना वजनात पडणाऱ्या फरकामुळे, सळई त्याहून हलकी किंवा जड निघते. काट्यावरचं वजन आणि मोजलेले नग जुळत नाहीत, ॲप लाल अक्षरात तूट दाखवतं आणि खुलासे देऊन वैतागलेला स्टोअरकीपर आकडे जुळवून मोकळा होतो. तिथून पुढे तो स्टॉक फक्त स्क्रीनवरच खरा. काट्याचं वजन आणि नग असे दोन्ही रकाने हवेत, शिवाय लॉटप्रमाणे मीटरमागचं वजन बदलता यायला हवं. नसेल तर हा भाग घेऊ नका.

'ऑफलाइन चालतं' हा दावा बेसमेंटमध्ये तपासा. नेट बंद ठेवून एकाच स्लॅबची नोंद दोन फोनवरून करा, मग नेट चालू करा. नंतरची नोंद पहिलीला गुपचूप पुसत असेल, तर पुढे बोलणीच नकोत.

ड्रॉइंगचा भाग मात्र पैसे वसूल करून देतो. आर२ (ड्रॉइंगची नवी सुधारित आवृत्ती) चढवलं की आर१ (आधीची आवृत्ती) बाजूला पडतं. अडचण एवढीच, की फिटरच्या हातात कागद असतो आणि तो जुनाच राहतो. प्रिंटवर क्यूआर कोड येत असेल आणि काँक्रीटच्या परवानगीआधी तो स्कॅन करणं बंधनकारक करता येत असेल, तर तोडफोड बरीच टळते.

बिलांचं मॉड्यूल सुरुवातीला घेऊच नये. त्यातल्या मापांवर सबकॉन्ट्रॅक्टरची सही नसते. वाद झाला की शेवटी मेजरमेंट बुकच, म्हणजे मापांची कागदी नोंदवहीच, उघडलं जातं.

चाचणी नव्या साइटवर घ्या. अर्ध्यावर आलेल्या कामात ओपनिंग स्टॉकच चुकीचा चढतो. करारात एक अट लिहून घ्या: काम संपल्यावर सगळ्या नोंदी फोटोंसकट एक्सेलमध्ये मिळाव्यात. नुसती पीडीएफ मिळाली, तर पुढच्या टेंडरचे दर काढताना ती कामाची नाही.