'क्लोजर' की 'पोर्नोग्राफी': आधी कोणता?

पोस्ट-पंकमधली, म्हणजे पंक रॉकनंतर आलेल्या संगीतातली, निराशा शब्दांतून समजून घ्यायची असेल, तर बहुतेकांची गाडी या दोन अल्बमपाशी येऊन थांबते: जॉय डिव्हिजन या बँडचा 'क्लोजर' (१९८०) आणि द क्युअर या बँडचा 'पोर्नोग्राफी' (१९८२). दोन्ही मी वर्षानुवर्षं ऐकतोय. इथे फक्त शब्दांबद्दल बोलतो.

शब्दांची कारागिरी बघायची तर जॉय डिव्हिजनचा गायक आणि गीतकार इयन कर्टिस उजवा, हे आधीच मान्य करतो. तो कमी बोलतो आणि साधं बोलतो. 'क्लोजर'मधल्या 'आयसोलेशन' या गाण्यात तो आईला सांगतो की मी प्रयत्न केला, विश्वास ठेव. आणि मी जो आहे त्याची मला लाज वाटते. चाल मात्र जवळजवळ नाचरी! दुसऱ्याचं दुःख जवळून बघणारा माणूस होता तो. रोजगार कार्यालयात अपंगांना नोकरी मिळवून देण्याचं काम करायचा. तिथे भेटलेल्या, फिट्स येणाऱ्या एका मुलीवरून 'शीज लॉस्ट कंट्रोल' हे आधीचं गाणं सुचलं. पुढे त्याला स्वतःलाच अपस्माराचं निदान झालं.

माझं अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. १८ मे १९८० ला, तेविसाव्या वर्षी, कर्टिसने आयुष्य संपवलं. 'क्लोजर' बाजारात आला जुलैमध्ये. मला आवडलेली गाणी दोनशेपानी वहीत मराठीत उतरवून काढायची सवय आहे. एकदा 'क्लोजर'ची पानं चाळताना दिसलं, की जवळजवळ प्रत्येक समासात मी पेन्सिलने तारखा मांडल्या होत्या: रेकॉर्डिंग मार्च, मृत्यू मे, मध्ये इतके आठवडे. गाणं राहिलं बाजूला, मी पंचनामा करत बसलो होतो. तारखा खोडल्या. पुढच्या वेळी ऐकताना त्या पुन्हा आल्या. मुखपृष्ठावर जिनोआच्या स्मशानभूमीतली कबर आहे. ते चित्र तो जिवंत असतानाच निवडलेलं होतं, पण हे माहीत असूनही फरक पडत नाही.

'पोर्नोग्राफी'त हा त्रास नाही. (नावाने दचकू नका.) दोष आहेत. द क्युअरचा गायक रॉबर्ट स्मिथ प्रतिमांवर प्रतिमा रचतो, त्यातल्या काही मला आजही उलगडलेल्या नाहीत, आणि आवाज ड्रम्सखाली इतका दबतो की शब्द समोर लिहिलेले लागतात. सगळे मेलो तरी काय बिघडतं, अशी सुरुवात करून आठ गाणी तो श्वास घेऊ देत नाही. पण 'द फिगरहेड' या गाण्याच्या शेवटी, मी आता कधीच स्वच्छ होणार नाही, हे तो पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. एका संध्याकाळी कामावरून येऊन मोरीत हातपाय धुताना ती ओळ माझ्या तोंडात आली, आणि त्या वेळी स्मिथ कुठेच नव्हता. ती माझी होती.

शिवाय अल्बम संपतो तो या आजाराशी लढलं पाहिजे, इलाज शोधला पाहिजे, या शब्दांवर. इलाज म्हणजे 'क्युअर', बँडचंच नाव. त्याच वर्षी त्यांनी 'लेट्स गो टू बेड'सारखं हलकंफुलकं गाणंही काढलं. माणूस जगला, म्हणून शब्द मोकळे राहिले असं मला वाटतं. तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

सध्या स्वतःचेच दिवस जड असतील तर दोन्ही थोडे लांब ठेवा. नाहीतर शब्द समोर ठेवून 'पोर्नोग्राफी'च्या पहिल्या गाण्यापासून, 'वन हंड्रेड इयर्स'पासून सुरुवात करा, 'क्लोजर' महिन्याभराने घ्या. माझ्या वहीत 'क्लोजर'च्या शेवटच्या गाण्याचं, 'डिकेड्स'चं पान अजून कोरं आहे.