गणपती पेठेतलं शिकेकाईचं मिश्रण : घ्या, पण पूड नको

सांगलीच्या गणपती पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात केसांसाठीचं मिश्रण दोन तऱ्हेनं मिळतं. एक दळून ठेवलेली पूड, दुसरा अख्ख्या शेंगांचा सुटा माल. घ्यायचा तर सुटाच.

पुडीचं दळण जाडसर असतं. कालवून थेट डोक्याला थापली की कण केसांत अडकतात, ते काढायला ओल्या केसांत फणी घालावी लागते आणि केस तुटतात ते तिथंच. ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. शिवाय फेस येतो शेंगेच्या सालीतून. बिया दळल्या तर फक्त वजन भरतं, आणि पुडीत त्या किती गेल्या हे कळायला मार्ग नाही. शेंग निदान मोडून बघता येते. तांबूस, कडकन मोडणारी घ्या. नरम पडलेली, बुरशीची किंवा भोकं पडलेली तिथंच परत करा.

दुकानदाराच्या हातचं प्रमाण मात्र स्वीकारू नका. शिकेकाईइतकाच रिठा टाकून देतात. फेस बघून गिऱ्हाईक खूश, केस मात्र केरसुणीसारखे. खांद्यापर्यंतच्या केसांना 25 ग्रॅम शिकेकाई, 3 रिठे, 10 ग्रॅम आवळकाठी आणि अर्धा लीटर पाणी पुरे. शिकेकाई-रिठ्याच्या बिया काढून सगळं रात्री स्टीलच्या भांड्यात भिजत घाला, सकाळी मंद आचेवर 10 मिनिटं उकळा, कोमट झालं की हातानं कुस्करून सुती फडक्यातून दोनदा गाळा. लोखंडी कढई नको. आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं होतं, टॉवेलला डाग पडतात आणि पांढऱ्या केसांवर करडी झाक येते.

गुंता सुक्या केसांतच सोडवून घ्या. गाळलेला काढा टाळूला लावा, बोटांच्या पेरांनी, नखं न लावता. टोकांना ओघळेल तेवढा बास. डोळे घट्ट मिटा, फार झोंबतं. चपचपीत तेल एका धुण्यात निघत नाही, म्हणून आदल्या रात्री चमचाभरच लावा.

या मालाचं खरं मोल कळतं ते कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात, बोअरच्या पाण्यावर. साबण त्या पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी मिळून केसांवर पांढरट साका धरतो. वर तो अल्कधर्मी, त्यामुळे केसांचे खवले उघडून ते राठ होतात. शिकेकाईचा काढा किंचित आंबट, त्याचा तसा साका बसत नाही. तरी शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घ्या.

उरलेला काढा फ्रिजमध्ये दोन दिवस राहतो, पुढं आंबतो. गव्हला-कचोरा घालू का, असं दुकानात विचारतातच. वास हवा असेल तर हो म्हणा; मळ काढायला त्याचा उपयोग नाही.