बंधने असलेल्या संगणकावर एमएक्स लिनक्सचा पेनड्राइव्ह

मुंबईतल्या लहान घरांत वाढणाऱ्या अनेक विद्यार्थ्यांना संगणक हाताशी मिळतो तो अभ्यासिकेत किंवा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, आणि तेथील विंडोजवर बहुधा इतकी बंधने असतात की नवा प्रोग्राम टाकणे दूरच, एखादा फॉन्ट बसवायलाही व्यवस्थापकाचा पासवर्ड लागतो. बंधने घालणाऱ्यांचा हेतू योग्यच असतो, कारण दिवसभर अनेकांच्या हातांखालून जाणाऱ्या संगणकात कोण काय टाकील याचा नेम नसतो. परंतु त्यामुळे प्रोग्रामिंग शिकणाऱ्या किंवा मराठीत प्रकल्प लिहिणाऱ्या मुलांचे काम खोळंबते. गिरगावातील ज्या अभ्यासिकेत मी अशा मुलांना मदत करतो, तेथे व्यवस्थापकांच्या संमतीने आम्ही एमएक्स लिनक्स या, विंडोजऐवजी थेट पेनड्राइव्हवरून चालू शकणाऱ्या प्रणालीचा पेनड्राइव्ह वापरतो. अशा संगणकासाठी मी वापरून पाहिलेल्या पर्यायांपैकी तो मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वाटतो.

संमतीचा उल्लेख मी मुद्दाम केला आहे. विंडोजमधील खात्याचे मर्यादित अधिकार किंवा संगणक पुन्हा सुरू होताच सारे बदल पुसून टाकणारे सॉफ्टवेअर ही बंधने डिस्कवरील विंडोज चालू झाल्यावरच लागू होतात, त्यामुळे पेनड्राइव्हवरून बूट केल्यास, म्हणजे संगणक त्यावरूनच सुरू केल्यास, त्यांचा प्रश्नच येत नाही आणि डिस्कही आहे तशी राहते. मात्र बायोसला, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामला, पासवर्ड लावून यूएसबीवरून बूट करण्याची सोय बंद केलेली असेल, तर ते दार संगणकाच्या मालकानेच उघडले पाहिजे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना संगणकात प्रवेश केल्यास नुकसानभरपाईची जबाबदारी येऊ शकते, हे विद्यार्थ्यांना सुरुवातीलाच सांगावे. संस्थेने नेटवर्कवर काही संकेतस्थळे अडवली असतील, तर ती लिनक्समधूनही अडलेलीच राहतात आणि त्यात काही वावगे नाही.

आम्ही वापरतो ती आवृत्ती एमएक्स २३ ही आहे. ती जुलै २०२३ मध्ये आली आणि डेबियन या दुसऱ्या लिनक्स प्रणालीच्या १२ व्या आवृत्तीवर आधारलेली आहे. मी घेतलेल्या प्रतीसाठी व्यवस्थापकांना सिक्युअर बूट (केवळ मान्यताप्राप्त डिजिटल सही असलेली प्रणालीच सुरू होऊ देणारी सोय) बंद करावे लागले. ज्या संगणकाची डिस्क विंडोजमधील बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद आहे, तेथे हा बदल करण्यापूर्वी रिकव्हरी की (ते कुलूप उघडणारा क्रमांक) हाताशी ठेवणे अत्यावश्यक आहे, कारण बदलानंतर विंडोज ती मागू शकते. सिक्युअर बूट चालूच ठेवायचे असेल, तर उबुंटू किंवा डेबियन घ्यावे. डेबियनमध्ये ही सोय २०१९ च्या दहाव्या आवृत्तीपासून आहे.

एमएक्सचे खरे बळ आहे ते पर्सिस्टन्समध्ये, म्हणजे केलेले बदल पेनड्राइव्हवर टिकवून ठेवण्यात. साधा लाइव्ह पेनड्राइव्ह संगणक बंद करताच सारे विसरतो. येथे काय लक्षात ठेवायचे आणि काय नाही, हे सुरुवातीच्या मेनूतच ठरवता येते. केवळ होम फोल्डर (वापरकर्त्याच्या स्वतःच्या फायली आणि सेटिंग) टिकवता येतो, किंवा नव्याने बसवलेल्या प्रोग्रामांसह संपूर्ण प्रणालीतील बदल टिकवता येतात. प्रणालीतील बदल टिकवण्याच्याही दोन पद्धती आहेत. पहिलीत बदल रॅममध्ये साठतात आणि संगणक बंद करताना एकदम पेनड्राइव्हवर उतरतात. ही पद्धत वेगवान आहे आणि पेनड्राइव्हची झीजही तीत कमी होते. दुसरी स्टॅटिक पद्धत प्रत्येक बदल लगेच लिहिते, म्हणून काम थोडे संथ होते. अभ्यासिका बंद होण्याच्या वेळी मुख्य बटण दाबून सारे संगणक एकदम बंद केले जाण्याची शक्यता असेल, तर वेगाचा मोह सोडून स्टॅटिकच निवडावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

मराठीसाठी याचा लाभ मोठा आहे. कळफलकाच्या सेटिंगमध्ये इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कळफलक एकदा जोडला की पुढच्या वेळी, अगदी दुसऱ्या संगणकावरही, तो तयार असतो. अनेक जुने मराठी मजकूर युनिकोड या सर्वमान्य अक्षरसंकेताच्या आधीच्या फॉन्टमध्ये असतात आणि तो फॉन्ट नसल्यास रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता दिसतो. असा फॉन्ट स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवला की लिब्रे ऑफिसमध्ये तो मजकूर नीट वाचता येतो, आणि त्यासाठी कोणाच्याही पासवर्डची गरज पडत नाही.

एक त्रास मात्र सांगितलाच पाहिजे. विंडोज संगणकाच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, तर लिनक्स बहुधा जागतिक वेळ गृहीत धरते, त्यामुळे लिनक्स वापरून झाल्यावर विंडोजमधील घड्याळ साडेपाच तासांनी चुकलेले दिसू शकते. पुढच्या वापरकर्त्याला याचा मनस्ताप होतो आणि परवानगी देणाऱ्यांचा विश्वासही डळमळतो. बूट करताना वेळक्षेत्र कोलकाता निवडून घड्याळ स्थानिक वेळेवर आहे असे सांगितले, की हा प्रश्न मिटतो.

पेनड्राइव्हच्या निवडीत काटकसर करू नये. समारंभात भेट मिळालेल्या पेनड्राइव्हवर प्रणाली सुरू होते खरी, परंतु लहान लहान फायली लिहिताना ती इतकी रेंगाळते की विद्यार्थी कंटाळतो आणि दोष लिनक्सला देतो. यूएसबी ३ प्रकारचा ३२ जीबीचा नामांकित पेनड्राइव्ह पुरेसा आहे. लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन घेतला तरी त्याची क्षमता खरी आहे का, हे डेबियनच्या भांडारातील एफ३ या लहानशा प्रोग्रामने तपासावे, कारण खोटी क्षमता दाखवणारा पेनड्राइव्ह त्याची खरी क्षमता संपल्यावरच काम गिळू लागतो.

पपी लिनक्स एमएक्सहून कितीतरी लहान असून पूर्णपणे रॅममध्ये चालते, त्यामुळे फार जुन्या संगणकावर मी अजूनही तेच सुचवतो. मात्र त्यात वापरकर्ता मुळातच रूट, म्हणजे प्रणालीत काहीही बदलू शकणारा, असतो आणि नवशिक्यांना ती सवय लावणे मला योग्य वाटत नाही. टेल्स या लिनक्स प्रणालीची गोष्ट वेगळी आहे. ओळख लपवणे आणि मागे काही न ठेवणे यांसाठी ते घडवलेले आहे, रोजच्या अभ्यासासाठी नाही.

लोकलच्या गर्दीत पेनड्राइव्ह हरवणे ही मुंबईत अशक्य गोष्ट नाही, आणि त्यात विद्यार्थ्याचे प्रकल्प, ईमेलची खाती, कधी ओळखपत्रांच्या प्रतीही असतात. एमएक्सच्या लाइव्ह यूएसबी मेकरमध्ये पेनड्राइव्ह तयार करतानाच तो सांकेतिक स्वरूपात (एन्क्रिप्ट करून) ठेवण्याचा पर्याय आहे आणि तो प्रत्येकाने निवडावा. मग प्रत्येक वेळी बूट होताना सांकेतिक वाक्य विचारले जाते. त्या टप्प्यावर मराठी कळफलक उपलब्ध नसतो, म्हणून ते वाक्य रोमन अक्षरांतच ठेवावे.