एमपीएचची दोन वर्षं: फी, फील्ड आणि नोकरी, जसं झालं तसं सांगते

गेल्या महिन्यात आत्तेबहिणीचा मेसेज आला, ताई माझी इंटर्नशिप संपतेय, एमपीएच म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स डिग्री करू का, कॉलेजवाले म्हणतात शंभर टक्के प्लेसमेंट आहे. तिला जे लांबलचक उत्तर लिहिलं तेच जरा नीट करून इथे टाकतेय, कारण मी अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा मराठीत असं काही वाचायला मिळालंच नव्हतं, सगळं ब्रोशरवरून आणि ओळखीच्यांच्या ओळखीतून.

आधी माझ्याबद्दल. मी मराठवाड्यातली, बीडीएस म्हणजे दातांच्या डॉक्टरची डिग्री केली, वर्षभर एका क्लिनिकमध्ये काम केलं आणि मग पुण्यातल्या एका खासगी युनिव्हर्सिटीत मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ म्हणजेच एमपीएच केलं. नाव लिहीत नाही, कारण तिथल्या दोन सरांमुळे आज मी जे काम करते ते करू शकतेय आणि त्याच कॉलेजच्या ऑफिसबद्दल मला तक्रारी पण आहेत. दोन वर्षं, चार सेमिस्टर, फी हॉस्टेल धरून साडेचार लाखाच्या घरात गेली. 5 पैकी साडेतीन देईन. शिकवणं 4, फील्ड पूर्ण 5, प्लेसमेंट 1.

लोकांचा पहिला गैरसमज असतो की हा डॉक्टरकीचा कोर्स आहे. नाहीये. एमपीएच करून प्रिस्क्रिप्शन लिहायचा हक्क मिळत नाही, तो तुमच्या आधीच्या डिग्रीचा जो असेल तोच. आमच्या बॅचला बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस, फिजिओ, बीएस्सी नर्सिंग, दोघं समाजकार्यातले एमएसडब्ल्यू आणि एक मायक्रोबायोलॉजीवाला होता. क्लिनिकमध्ये समोर एक पेशंट असतो, इथे समोर अख्खं गाव असतं, आणि प्रश्न हा असतो की ही माणसं आजारी का पडतायत आणि पुढच्या आठवड्यात अजून कोण पडणार. हा प्रश्न ज्याला मनापासून ओढतो त्यानंच यावं असं मला खरंच वाटतं.

विषय म्हणाल तर एपिडेमिऑलॉजी म्हणजे साथरोगशास्त्र, बायोस्टॅट म्हणजे आरोग्याचं संख्याशास्त्र, आरोग्य धोरण, पोषण, पर्यावरण, मॅनेजमेंट. एपिडेमिऑलॉजीचे सर भारी. 1854 ची लंडनची कॉलऱ्याची साथ आणि जिच्या पाण्यातून ती पसरली तो ब्रॉड स्ट्रीटचा पंप सगळीकडेच शिकवतात, आमच्या सरांनी त्याच्या पुढच्या तासाला 1897 चा पुण्यातला प्लेग घेतला, घरं तपासताना लोकांचा विश्वास कसा तुटला आणि विश्वास तुटल्यावर लोक पेशंट का लपवतात हे सांगितलं. त्याच काळात मुंबईत हाफकिन या शास्त्रज्ञांनी प्लेगची लस तयार केली होती आणि टोचून घ्यायला माणसं घाबरत होती. लस असणं आणि लस लोकांनी घेणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्या दिवशी जे डोक्यात बसलं ते आजही लसीकरणाच्या मीटिंगला बसले की आठवतं.

बायोस्टॅट मात्र निराशा. फॉर्म्युले फळ्यावर, परीक्षेला तेच, लॅबमध्ये मोजक्याच मशीनवर सॉफ्टवेअर चालायचं. मी एपी इन्फो आणि आर ही आकडेवारीची दोन्ही सॉफ्टवेअरं फुकटात डाउनलोड करून हॉस्टेलवर शिकले आणि चेन्नईच्या एनआयई या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा हेल्थ रिसर्च फंडामेंटल्स हा ऑनलाइन कोर्स केला, तो फुकट आहे, अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधीच करून बघा. त्यात मन रमलं नाही तर लाखो रुपये वाचतील.

आता फील्ड. ह्याच्यावरच जास्त लिहायचंय.

दुसऱ्या सेमिस्टरनंतर आम्हाला एका पीएचसीला म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्राला जोडून दिलं, दोन महिने. पुस्तकात असतं की सपाट भागात 30 हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, 5 हजाराला एक उपकेंद्र, साधारण 1 हजाराला एक आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती. हे आकडे मी पाठ केले होते, पण ते 1 हजार लोक म्हणजे काय हे आशाताईंच्या मागं उन्हात फिरल्यावर कळलं. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी त्या बाळाकडे तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्या दिवसापर्यंत सहा वेळा जायचं, झोळीचा काटा घेऊन वजन करायचं, ताप बघायचा, आईला दूध येतंय का विचारायचं. ही कल्पना आपल्याच गडचिरोलीतली. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेतली, मृत्यूदर निम्म्याहून जास्त खाली आला, 1999 साली ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि पुढे देशभरच्या आशांच्या कामात आलं. पेपर मी आधी वाचला होता. आशाताईंच्या हातात तो काटा बघितला तेव्हा खरं समजलं की संशोधन घरापर्यंत पोचतं म्हणजे काय.

तिथेच तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या गावात गॅस्ट्रो सुरू झाला. पीएचसीच्या डॉक्टर मॅडम सलाइन लावण्यात गुंतलेल्या, त्यांनी आम्हा चौघांना सांगितलं की तुम्ही लिस्ट करा. नाव, वय, घर, जुलाब कधी सुरू झाले, पाणी कुठलं पिता. दोन दिवसांत तीसेक नावं झाली. वहीच्या पानावर गावाचा नकाशा काढला, प्रत्येक पेशंटच्या घरावर टिंब. टिंबं सगळी मारुतीच्या देवळापलीकडे, अलीकडे जवळजवळ काहीच नाही, आणि पलीकडे ज्यांच्या घरी स्वतःचा बोअर होता त्यांच्याकडे पण कोणी आजारी नाही. गावाचं पाणी बघणाऱ्या जलसुरक्षक दादांना विचारलं तर म्हणाले देवळापाशी वॉल्व्ह आहे, पलीकडची लाइन वेगळी सुटते. मग त्या लाइनच्या कडेनं चालत गेलो, एके ठिकाणी पाइप गटारातून गेलेला आणि जोडावर कपडा गुंडाळलेला. पाण्यातलं क्लोरीन बघायची ओटी टेस्ट केली, अलीकडच्या नळाचं पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, पलीकडच्या नळाचं पांढरंच. पुस्तकात 0.2 पीपीएम (दहा लाख भागांत 0.2 भाग) असावं लागतं लिहिलंय, तिथे काहीच नव्हतं. विहिरीत क्लोरीनची टीसीएल पावडर रोज पडत होती, रजिस्टर बरोबर होतं, गळती मधे होती. ग्रामपंचायतीनं दुसऱ्या दिवशी जोड बदलला, टँकर लावला, आठवड्याभरात नवीन पेशंट थांबले. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात समाधानाचा आठवडा आहे, आणि त्यात मी कोणालाही एक गोळी दिली नव्हती.

म्हणून माझा पहिला सल्ला, कॉलेज बघायला जाल तेव्हा बिल्डिंग बघू नका, त्यांचं फील्ड प्रॅक्टिसचं गाव कुठलं आहे, किती दिवस पाठवतात आणि तिथे तुमच्यासोबत कोण असतं हे विचारा. माझ्या ओळखीत एकीच्या कॉलेजनं दोन वर्षांत तीन दिवसाची व्हिजिट केली, ग्रुप फोटो काढला आणि रिपोर्ट लिहून घेतला. तिनं फी माझ्याइतकीच भरली होती.

प्लेसमेंटचं खरं सांगायचं तर सेल म्हणजे एक माणूस जो जाहिरातींच्या लिंक ग्रुपवर टाकायचा. आमच्यातले काही हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात गेले, एनएबीएच या हॉस्पिटलच्या दर्जाच्या मानांकनाच्या कामात, एक जण इन्शुरन्स क्लेममध्ये, दोघी संशोधन प्रकल्पावर, एक एनजीओत कुपोषणावर काम करतेय आणि खूश आहे. मी एनएचएम म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाची जाहिरात बघून स्वतः अर्ज केला, सहा महिने घरी बसल्यावर. काँट्रॅक्ट 11 महिन्यांचं, मग रिन्यू होतं, पहिला पगार 30 हजाराच्या आतला, आणि दरवर्षी त्या काळात पोटात गोळा येतोच. आणखी एक गोष्ट कॉलेजवाले सांगत नाहीत ती म्हणजे मी बघितलेल्या बऱ्याच जिल्हा पातळीच्या जाहिरातींत मेडिकल डिग्री अधिक एमपीएच असं मागतात, त्यामुळे आमच्या मायक्रोबायोलॉजीवाल्या मित्राला तिथे अर्जच करता आला नाही. तो हुशार मुलगा, बॅचमधला सगळ्यात चांगला डेटा त्याचा. त्याला हे पहिल्या दिवशी कोणीतरी सांगायला हवं होतं. तुमची आधीची डिग्री कुठली आहे ते बघून मागच्या वर्षभराच्या जाहिराती स्वतः वाचा, मगच पैसे भरा.

खासगीत जायच्या आधी बाकीचे पर्याय पण बघा. मुंबईत टिस म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे, पुणे विद्यापीठाचा स्वतःचा विभाग आहे, देवनारला आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था आहे जिथून एनएफएचएस हा राष्ट्रीय कुटुंब आरोग्याचा सर्व्हे होतो, लोकसंख्या आणि आकडेवारीत रस असेल तर तिथला कोर्स जास्त बरा. बाहेर जायची तयारी असेल तर तिरुअनंतपुरमचं अच्युत मेनन सेंटर, तिथे 1997 पासून एमपीएच चालू आहे, आणि चेन्नईचं एनआयई. मी ह्यातल्या एकाही ठिकाणी प्रवेश परीक्षा दिली नव्हती, माहितीच नव्हती, ह्याचं मला अजून वाईट वाटतं.

सध्या मी जिल्ह्याला साथरोग सर्वेक्षणात आहे. सकाळी आयएचआयपी हे साथरोगांच्या नोंदीचं सरकारी पोर्टल उघडायचं, एस, पी, एल (संशयित, संभाव्य आणि लॅबमधल्या केसेसचे) तिन्ही फॉर्म कुठून आलेत कुठून नाही बघायचं, एखाद्या गावातून तापाचे पेशंट अचानक वाढले की त्या आरोग्यसेवकाला फोन. पावसाळ्यात डेंग्यूचे कंटेनर सर्व्हे, टायर, फ्रिजच्या मागचा ट्रे, अ‍ॅबेट हे डासांच्या अळ्या मारायचं औषध टाकलं का. घरचे विचारतात डॉक्टर असून फोन आणि एक्सेल काय करतेस. पण ज्या दिवशी एखाद्या वाडीतून चार जुलाबांचा फोन वेळेत येतो आणि चाळीस होत नाहीत त्या दिवशी मी घरी जाऊन शांत झोपते.

आत्तेबहिणीला मी सांगितलंय की पैसे भरायच्या आधी एक आठवडा माझ्याकडे ये, माझ्यासोबत दोन उपकेंद्रं फिर, एका आशाताईंबरोबर दिवसभर चाल. ती पुढच्या सोमवारी येतेय.