गंजून जाम झालेलं हब बेअरिंग: स्लाइड हॅमर आणि स्क्रू प्रेसचा संच नऊ महिने वापरल्यावर

हा संच बहुतेक जण स्लाइड हॅमरसाठी घेतात. साडेचार किलोचं सरकतं वजन, लांब दांडा आणि हबवर (चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग) बसणारी चाकी. चार ठोके मारले की हब हातात येईल, असं वाटतं. नऊ महिने वापरल्यावर आमचं मत वेगळं झालंय. जाम बेअरिंगसाठी या पेटीतली खरी कामाची वस्तू तळाशी पडलेला जाड स्क्रू आणि त्याच्या पोलादी चकत्या आहेत. हॅमर एका कामात उत्तम आहे, दुसऱ्या कामात तो उलट नुकसान करतो. कोणतं काम कोणतं, ते पुढे येईलच.

वापर झाला तो कोकण किनाऱ्यावरच्या गाड्यांवर. खारा वारा, चार महिने ओला रस्ता, त्यात वाळूत उतरवलेल्या गाड्या. मीठ हवेतला ओलावा धरून ठेवतं, त्यामुळे इथे पावसाळा संपला तरी नकलमधला (बेअरिंग आणि हब धरून ठेवणारा धातूचा भाग) गंज थांबत नाही. घाटावरच्या कोरड्या भागातली गाडी आणि ही गाडी, दोन्हींत मॉडेल तेच असलं तरी काम वेगळं असतं. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा व्यापतो. बेअरिंगची बाहेरची रिंग आणि नकलचं बोअर (बेअरिंग बसतं ते गोल भोक) यांच्यात मुळातच जागा नसते, तिथे हा गंज फुगला की पाचर ठोकल्यासारखी पकड बसते. म्हणून ही पकड नुसती ओढून सुटत नाही. ती पिळून, सरळ रेषेत ढकलून किंवा तापवून सोडवावी लागते. संचातल्या प्रत्येक वस्तूचा उपयोग यावरूनच ठरतो.

आधी हबचा नट. गाडी जमिनीवर असतानाच तो सैल करायचा. ३०, ३२ किंवा ३६ मिमीची गोटी (सॉकेट), सहा पैलूंची, आणि मीटरभर लांब पाइप. नटाची कड शाफ्टच्या (चाक फिरवणारा ड्राइव्ह शाफ्ट) खाचेत चेपलेली असेल तर ती आधी बारीक छन्नीने पूर्ण उचला. तशीच ठेवून नट फिरवला तर शाफ्टचे आटे जातात आणि बेअरिंगच्या कामात ड्राइव्ह शाफ्टचा खर्च येऊन पडतो. नट नवाच लावायचा. जुन्या नटाची कड दुसऱ्यांदा नीट चेपली जात नाही.

शाफ्ट हबच्या दात्यांत अडकला असेल तर थेट टोकावर घण घालू नका. टोक चेचलं की ते हबमधून पुढे जात नाही आणि नटही चढत नाही. जुना नट टोकाशी समतल करून पितळी दांड्यावर ठोकावं, किंवा संचातली चाकी हबला आवळून मधल्या स्क्रूने शाफ्ट मागे ढकलावा. इथे हा संच फार चांगला चालतो. सुटलेला शाफ्ट तारेने बांधून ठेवा. बाहेर ओढला गेला तर आतल्या बाजूचा जोड निखळतो.

एबीएसचा (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर असेल तर तो जोर लावण्याआधी काढायचा. तो प्लास्टिकचा असतो आणि भोकात गंजाने धरलेला असतो. पकडीने पिळला की डोकं हातात येतं आणि बुंधा आत राहतो. हलत नसेल तर त्याला हात लावू नका, वायरचा जोड वरून सोडा आणि नकल वायरीसकट खाली घ्या.

आता मुख्य काम. मारुतीच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढचं बेअरिंग नकलमध्ये दाबून बसवलेलं असतं, मागून सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) असते आणि हब बेअरिंगच्या आतल्या रिंगमध्ये दाबलेला असतो. इथे पहिला टप्पा हॅमरचा. डिस्क आणि कॅलिपर काढून चाकी हबला आवळायची, सगळे नट सारखे घट्ट, आणि वजन मागे फेकायचं. दहा-बारा सरळ ठोक्यांत हब बाहेर येतो. याच कामात हॅमर उत्तम आहे. चाकीवरची भोकं ४×१०० च्या (१०० मिमीच्या वर्तुळावर चार भोकं) हबला नीट जुळतात, पाच भोकांच्या हबला फक्त तीन बोल्ट लागतात. तीनवर ओढलं तर हबची फळी किंचित वाकू शकते. पुन्हा बसवण्याआधी डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं माप) लावा. हबच्या तोंडावर ०.०५ मिमीच्या वर फरक दिसला तर तो हब आम्ही वापरत नाही, कारण पुढे ब्रेक दाबताना थरथर येते.

असा हब ओढून काढलेलं बेअरिंग पुन्हा वापरायचं नाही, ते नवं असलं तरीही. ओढण्याचा सगळा भार गोळ्यांवरून जातो आणि रिंगच्या मार्गात सूक्ष्म खळगे पडतात.

हब बाहेर आला की बेअरिंगची आतली अर्धी रिंग बहुतेक वेळा त्याच्यासोबत येते आणि हबवर घट्ट बसलेली असते. संचातला दोन अर्ध्यांचा पुलर या रिंगखाली शिरतच नाही, त्याची धार जाड आहे. ही आमची सगळ्यात मोठी तक्रार. उपाय ग्राइंडरचा: पातळ कटिंग चाकीने रिंगला तिरकी खाच पाडायची, जाडीच्या तीन चतुर्थांशापर्यंत, पुढे नाही. मग खाचेत छन्नी ठेवून एक जोरदार ठोका. बेअरिंगचं पोलाद फार कडक आणि म्हणून ठिसूळ असतं, ते तडकतं आणि रिंग सैल होते. चष्मा लावल्याशिवाय हा ठोका मारायचा नाही, कपच्या गोळीसारख्या उडतात. कटिंग चाकी हबच्या गळ्याला लागली तर तो चरा नव्या रिंगची पकड बिघडवतो, म्हणून शेवटचा भाग छन्नीलाच तोडू द्यावा.

सर्क्लिप. किनाऱ्यावरच्या गाड्यांत तिचे कान गंजून कागदासारखे झालेले असतात. आधी खाच वायर ब्रशने स्वच्छ करा, गंज सोडवणारं तेल मारा, रात्रभर ठेवा, मग क्लिप बारीक पंचने ठोकून खाचेत फिरवा. ती फिरली तरच सर्क्लिपची पकड (प्लायर) लावा. कान तुटलेच तर क्लिप एका जागी ग्राइंडरने कापून आत वळवावी लागते, त्यात खाचेची कड जपायची. गंजतेल विकतचं चालतं, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे मिसळूनही चालतं, पण ॲसिटोन ज्वालाग्राही आहे; ते मारल्यावर ज्योत जवळ आणायची नाही. क्लोरीनचा ब्रेक क्लीनर मारलेला भाग तर अजिबात तापवू नका, त्यातून विषारी वायू होतो.

बाहेरची रिंग काढताना स्क्रू प्रेसची खरी परीक्षा होते. एका बाजूला रिंगपेक्षा किंचित लहान चकती, दुसऱ्या बाजूला रिंग मावेल असा मोठा कप, मधून स्क्रू. २२ मिमीच्या स्क्रूवर २०० न्यूटन-मीटर लावले तर आटे ओंगणलेले असताना साधारण साडेचार ते सहा टन जोर मिळतो. आटे कोरडे असतील तर तीन टनांच्या आसपास. म्हणजे मॉलिब्डेनमचं ग्रीस लावणं म्हणजे दुप्पट ताकदीचं यंत्र घेण्यासारखं आहे. प्रत्येक वेळी आटे पुसायचे, नवं ग्रीस लावायचं. संचाच्या सूचनापत्रात याचा उल्लेख एका ओळीत आहे, खरं तर तो पहिल्या पानावर हवा होता.

इम्पॅक्ट गन लावू नका. कामं झटपट होतात हे खरं, पण आटे तापून एकमेकांना चिकटतात. आमचा एक स्क्रू असाच पाचव्या महिन्यात गेला. लांब दांडा लावून हाताने ताण द्या, ताण तसाच धरून नकलच्या बोअरभोवती हातोडीने चारही बाजूंनी ठोके द्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुन्हा थोडा ताण. सुटताना 'फट' असा मोठा आवाज येतो. त्याने दचकायचं नाही, तो गंज तुटल्याचा आवाज असतो.

तरीही सरकत नसेल तर उष्णता. ७२ मिमीचं ओतीव लोखंडाचं बोअर १०० अंशांनी तापवलं तर साधारण ०.०८ मिमी फुगतं, ॲल्युमिनियमचं त्याच्या दुप्पट. ज्योत नकलवर फिरती ठेवायची, रिंगवर नाही. दोन्ही सारखंच तापलं तर फायदा शून्य. ॲल्युमिनियमची नकल पाण्याचा थेंब चुरचुरेपर्यंतच तापवावी, त्यापुढे तिची ताकद कमी व्हायला लागते.

शेवटचा उपाय वेल्डिंगचा, आणि तो आम्हाला सगळ्यात जास्त आवडतो. रिकाम्या रिंगच्या आतल्या पृष्ठभागावर आर्क वेल्डची एक पूर्ण फेरी मारायची. थंड होताना वेल्ड आकुंचन पावतो आणि रिंगला आत ओढतो. दहा मिनिटांत ती हातोडीच्या हलक्या ठोक्याने पडते. नकल गाडीवरून काढूनच हे करा. गाडीवर करायची वेळ आलीच तर बॅटरीची तार सोडा आणि अर्थिंग थेट नकलला लावा.

नकल गाडीवर ठेवून काम करावं की काढून? संचाच्या डब्यावर मोठ्या अक्षरात 'गाडीवरच करा' लिहिलंय. नुसतं आवाज करणारं, कमी गंजलेलं बेअरिंग असेल तर ते खरं आहे; वेळ निम्मा लागतो आणि अलाइनमेंटही हलत नाही. जाम बेअरिंगला मात्र आम्ही आता अर्धा तास झगडतो आणि नकल उतरवतो. खाली २० टनी हायड्रोलिक प्रेसवर जोर चौपट मिळतो आणि नकल सरळ टेकते. उतरवण्याआधी स्ट्रटच्या (नकलला वरून धरणारा शॉक ॲब्सॉर्बर) बोल्टवर खूण करा, आणि बॉल जॉइंट दुभागी फाळ्याने नका काढू, रबर फाटतं. नकलच्या कानाला बाजूने दोन हातोड्यांचा एकाच वेळी ठोका दिला की बॉल जॉइंटचा निमुळता दांडा सुटतो.

बोल्टने बसणाऱ्या हब युनिटची गोष्ट वेगळी. मागच्या बाजूने तीन किंवा चार बोल्ट, ते काढले की युनिट सुटायला हवं, पण ते बोअरमध्ये गंजाने धरलेलं असतं. इथेच लोक हॅमर लावतात आणि इथेच तो लावू नये. ठोक्यांनी पुढची फळी बेअरिंगमधून उपटून येते आणि बाहेरची रिंग नकलमध्येच राहते, मग तिला धरायला काहीच उरत नाही. त्याऐवजी युनिटच्या बोल्टच्या कानांना छन्नीने बाजूने ठोकून ते बोअरमध्ये फिरवा, आधी एका दिशेला, मग उलट. दोन-तीन अंश फिरलं तरी गंजाची पकड मोडते आणि पुढचं सोपं होतं. जमलं नाही तर बोल्ट पाच-सहा मिमी बाहेर ठेवून त्यांच्या डोक्यांवर मागून आळीपाळीने ठोका. एकाच बोल्टवर जोर दिला तर युनिट तिरकं होऊन जास्त अडकतं.

बसवताना फार वेळ जात नाही. बोअर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमकवा, खड्डे असतील तर राहू द्या, पण उंचवटा एकही नको. दाबून बसणाऱ्या बेअरिंगला बोअरमध्ये इंजिन ऑइलचा पुसटसा हात, बोल्टच्या युनिटला ॲन्टी-सीझचा (भाग चिकटू न देणारं वंगण) पातळ थर. नकलमध्ये दाबताना जोर फक्त बाहेरच्या रिंगवर द्यायचा, हब दाबताना आतल्या रिंगला मागून आधार. हे उलट झालं तर गोळ्यांचे ठसे उमटतात आणि नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत घुमायला लागतं. संचातल्या चकत्यांची मापं यासाठी पुरेशी आहेत, फक्त चकती रिंगच्या कडेलाच टेकते ना, ते दर वेळी डोळ्यांनी पाहा.

बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवून बसवण्याची युक्ती ७२ मिमीवर सुमारे ०.०४ मिमी देते. कोकणच्या दमट हवेत मात्र थंड बेअरिंगवर लगेच दव धरतं. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवा आणि बाहेर काढल्याबरोबर दाबा. एबीएसच्या बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका सीलमध्ये चुंबकी पट्टी असते. ती बाजू सेन्सरकडे यायला हवी आणि असं बेअरिंग चुंबकाच्या ताटलीत ठेवायचं नाही. हबचा नट त्या गाडीच्या मॅन्युअलमधल्या आकड्यालाच आवळा, आणि तो पूर्ण आवळेपर्यंत गाडी चाकावर पुढे-मागे ढकलूसुद्धा नका.

संचाची आजची अवस्था: हॅमर जसाच्या तसा. कपांच्या कडा थोड्या चेपल्यात, चालतात. स्क्रूखालचं थ्रस्ट बेअरिंग (स्क्रूचा दाब पेलणारं) एकदा फुटलं, ते नुसतं धुऊन ग्रीस भरत राहिलो असतो तर टिकलं असतं. पेटीतला स्पंज पावसाळ्यात पाणी धरतो आणि चकत्यांना गंज चढवतो. तो काढून टाकला, आता सगळं तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलेलं असतं.

घेणार असाल तर सोबत एक जादा स्क्रू आणि थ्रस्ट बेअरिंग त्याच वेळी मागवा. लेथवाल्याकडून साध्या एमएसच्या (माइल्ड स्टील) सळईचा स्क्रू करून घेऊ नका, चार टनांच्या आसपास वारंवार ताणला की आटे खेचले जातात आणि नट अर्ध्यात अडकतो. करून घ्यायचाच असेल तर ईएन-१९ किंवा ईएन-२४ या कणखर मिश्र पोलादाचा, बारीक आट्यांचा.