हायड्रोमीटरचा आकडा जुळला म्हणून आयपीए खरं ठरत नाही

बेळगावच्या उद्यमबाग, मच्छे भागातल्या फाउंड्र्यांना मोल्ड-कोअरच्या वॉशसाठी, म्हणजे साच्याला ब्रशने लावून पेटवून सुकवायच्या लेपासाठी, आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लागतं. बाजारभावापेक्षा स्वस्तात सुट्टे कॅन दारात आणून देणारेही भेटतात. "मालक, कोल्हापूरच्या शिरोलीला हाच माल जातो," म्हणत माणूस पिशवीतून काचेची नळी आणि हायड्रोमीटर, म्हणजे द्रवाची घनता मोजायचं साधन, काढतो आणि समोर मोजून दाखवतो. आकडा बरोबर येतो. फसवणूक तिथेच होते.

20 अंश सेल्सिअसला आयपीएची घनता 0.785 आणि भेसळीत घातल्या जाणाऱ्या मेथॅनॉलची 0.791. साध्या हायड्रोमीटरवर हा फरक हाताला लागत नाही. तापमान दहा अंशांनी वाढलं की घनता याहून जास्त उतरते. हायड्रोमीटर पाणी मात्र पकडतो: पाणी घालून 70 टक्क्यांवर आणलेलं आयपीए 0.87 च्या पुढे जातं. म्हणून सराईत भेसळवाला पाणी घालतच नाही, मेथॅनॉल घालतो.

त्याचा फटका बसतो तो वॉश पेटवल्यावर. किलोमागे आयपीए जळताना सुमारे 30 मेगाज्यूल उष्णता देतं, मेथॅनॉल सुमारे 20. उष्णता कमी पडली की कोपऱ्यात, खाचेत जाड बसलेला थर वरून सुकलेला दिसतो, पण आत ओल राहते. त्यावर धातूचा रस ओतला की वायू सुटतो आणि कास्टिंगला ब्लोहोल, पिनहोल, म्हणजे वायूची लहानमोठी भोकं, येतात. मग दोष वाळूला, मोल्डरला, रेझिनला दिला जातो. कॅनकडे कोणी बघत नाही.

त्याहून वाईट म्हणजे ज्वाला. आयपीएची ज्वाला पिवळी असते, जळताना दिसते. मेथॅनॉलची फिकट निळी, उजेडात जवळजवळ न दिसणारी. विझलं समजून कोणी दुसरा हात मारायला ब्रश टेकवला तर ब्रश आणि डबा दोन्ही पेट घेतात.

तपासणी तासाभराची आहे. 50 मिली नमुन्यात 50 मिली पाणी आणि 20 ग्रॅम मीठ घालून बाटली जोरात हलवा. आयपीए असेल तर थोड्या वेळात वर वेगळा थर उभा राहतो. मेथॅनॉल पाण्यातून वेगळं होत नाही. खात्रीच्या, सीलबंद आयपीएची बाटली शेजारी ठेवून थराची उंची ताडून बघा, नाहीतर थोडी भेसळ निसटते.

दुसरी तपासणी उकळण्याची. परीक्षानळीत 20 मिली नमुना, चिनीमातीचा एखादा तुकडा आणि थर्मामीटर घ्या. इलेक्ट्रिक किटलीतलं कढत पाणी भांड्यात ओतून त्यात नळी धरा. जवळपास शेगडी नको, कारण दोन्ही द्रव 12 अंशांच्या आसपासच पेट घेण्याइतकी वाफ सोडतात. आयपीए 82 अंशांना उकळतं, थोडं पाणी असेल तर 80 ला. 70-75 लाच सलग बुडबुडे आले तर माल परत. मेथॅनॉल 65 ला उकळतं, मिश्रण मधे कुठेतरी.

पाण्याचा संशय असेल तर मोरचूद जुन्या पत्र्यावर पांढरं होईपर्यंत भाजा आणि चिमूटभर नमुन्यात टाका. निळं पडलं की पाणी आहे.

मापातली चलाखी वेगळीच. भाव किलोचा सांगतात आणि कॅन 35 लिटरचा देतात. 35 लिटर आयपीए भरतं साडेसत्तावीस किलो. बिलात 35 किलो लागले तर साडेसात किलो हवेचे पैसे गेले. कॅन काट्यावर ठेवल्याशिवाय उतरवून घेऊ नये; रिकाम्या कॅनचं वजन वजा करायलाही विसरू नये.

बिल वाचायचं ते एचएसएन कोडपासून, म्हणजे जीएसटीत मालाचा प्रकार सांगणाऱ्या आकड्यापासून. आयपीएचा 29051220, मेथॅनॉलचा 29051100. तिथे 3814 असेल तर कागदावर तुम्ही थिनर घेतलंय, आणि उद्या आयपीए म्हणून भांडायला जागा उरत नाही. माल थेट कोल्हापूरचा असेल तर विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक 27 ने सुरू व्हायला हवा आणि बिलात आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या मालावरचा जीएसटी, हवा. 29 ने सुरू होणारा क्रमांक कर्नाटकातला, म्हणजे मधे कोणीतरी कॅन उघडलेला असू शकतो. बॅच नंबर बिलावर, कॅनवर आणि तपासणी दाखल्यावर एकच असला पाहिजे. दाखल्याची झेरॉक्स कुठल्याही बॅचची मिळते.

संशयित माल वापरला गेला असेल तर कामगारांना विचारा: डोकं दुखणं, मळमळ, धूसर दिसणं. मेथॅनॉल वाफेतून आणि कातडीतूनही अंगात जातं, शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि डोळ्याची नस जाते. त्रास बारा-चोवीस तासांनी सुरू होऊ शकतो, म्हणून घरी गेलेल्या माणसालाही फोन करा. दिसण्यात फरक वाटला तर मोठ्या दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना मेथॅनॉलचा संशय पहिल्यांदा सांगा. कॅनमधला काचेच्या बाटलीत सील केलेला नमुना सोबत द्या.