साबिच भारी, पण अंबा गोड का ओ?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या कॅफेत साबिच (पिटा रोटीत भरलेलं तळलेलं वांगं आणि अंडं) मिळायला लागलंय असं ग्रुपवर कळलं म्हणून गेलो. नाव लिहीत नाही, मालक ओळखीचे आहेत आणि खाली जरा बोलणार आहे.

वांगं एक नंबर. जाड चकत्या, कडा कुरकुरीत, आत मऊ आणि तेल अजिबात टपकत नाही. पिटा गरम, ताहिनी (तिळाची पातळ चटणी) सढळ हातानं, काकडी-टोमॅटो बारीक चिरलेलं. 180 रुपयांत पोट गच्च.

अंडं मात्र साधं उकडलेलं, पांढरंफटक. मेनूवर नुसतं ‘इस्रायली स्ट्रीट फूड’ लिहिलंय, गोची तिथंच आहे. हा मूळचा बगदादच्या ज्यू घरांतला शनिवारचा नाश्ता. शनिवार त्यांचा धर्मातला विश्रांतीचा दिवस, विस्तव पेटवायचा नाही, म्हणून वांगी शुक्रवारीच तळून ठेवायची आणि कोंबडी-भाताचं पातेलं रात्रभर मंद आचेवर, त्याच्यावरच अंडी, सकाळपर्यंत ती चांगली तपकिरी होतात. मग 1941 ला बगदादमध्ये ज्यूंची कत्तल झाली, 1948 ला इस्रायल झाल्यावर इराकमधल्या ज्यूंच्या सरकारी नोकऱ्या गेल्या, 1950 ला कायदा आला की देश सोडून जायचं तर नागरिकत्व सोडा, लोकांनी नावं दिली आणि 1951 च्या मार्चमध्ये सरकारनं त्यांचीच मालमत्ता गोठवली. 1 लाख 20 हजारांच्या आसपास माणसं घरदार मागं टाकून विमानात बसली, इस्रायलमध्ये उतरल्यावर तंबू आणि रेशन. पुढं तोच शनिवारचा नाश्ता तिथल्या रमत गन शहरातल्या टपऱ्यांवर पिटात भरून आठवडाभर विकायला लागले. मंगळवारी रस्त्यावर उभं राहून साबिच हाणणाऱ्या नातवाला घरची म्हातारी काय बोलली असेल देव जाणे.

आता अंबा, म्हणजे साबिचवर घालतात ते कैरीचं लोणचं. कैरी, मीठ, हळद, मोहरी आणि दाबून मेथी, चव आंबट-कडवट. मुंबईत धंदा करणाऱ्या बगदादी ज्यूंनी तो इथून तिकडं नेला असं सांगतात, ससून डॉकवाल्या घराण्यातले डेव्हिड ससून पण बगदादहून पळूनच 1832 ला मुंबईत आलेले. म्हणजे आपल्याच मुलखातली कैरी, आणि कोल्हापुरात वाटीत काय आलं तर चक्क मेथांबा! गूळ घातलेला, बोटाला चिकटणारा. विचारलं तर मालक म्हणाले, “पोरं आंबट खाईनात ओ.” कोल्हापुरात? मिसळीला तीनदा कट मागणारी पोरं? काय पण सांगता राव.

तेवढा गूळ काढा, शुक्रवारी रात्री अंडी मंद आचेवर ठेवा आणि शनिवारी दुपारी बाराऐवजी सकाळी आठला शटर उघडा, रांग लागंल.

सध्या साडेतीन स्टार. कॉफीच्या नादाला लागू नका, आणि गाडी आतल्या गल्लीत लावा, मेन रोडवरनं क्रेनवाले उचलून नेतात.